कुंपणाच्या आतली समता

डेहराडूनच्या चांदबागेत १९३५ साली जी शाळा उघडली, तिच्या नियमांपैकी एक नियम आम्हांला पुष्कळ दिवस विचारात पाडीत आला आहे. मुलाने घरून पैसे आणावयाचे नाहीत. हातखर्चाला मिळेल ती रक्कम ठराविक, आणि सर्वांना सारखी. बाप संस्थानिक असो, गिरणीमालक असो की सैन्यातला अधिकारी असो, मुलाच्या खिशात मात्र तेवढेच पैसे. गणवेश एक, पंगत एक. दून स्कूल या नावाने देशभर माहीत असलेल्या या शाळेची कीर्ती तिच्या नामांकित विद्यार्थ्यांमुळे झाली आहे. राजीव गांधी तेथे शिकले, विक्रम सेठ आणि अमिताव घोष तेथे शिकले. परंतु आमच्या मते तिच्यातली खरी विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे हा हातखर्चाचा नियम होय. समता शिकविता येते काय, आणि येत असेल तर ती शिकण्यासाठी आधी दाराशी मोठी रक्कम मोजावी लागावी यात काही विसंगती आहे की नाही, असा हा प्रश्न आहे.

नोकरीनिमित्त या गावी येऊन स्थिरावलेली, म्हणजे पुढच्या बदलीपर्यंत स्थिरावलेली, आम्ही मराठी मंडळी त्या कुंपणावरून नेहमी जातो येतो. आत सुमारे सत्तर एकरांचा परिसर, जुनी झाडे, खेळाची विस्तीर्ण मैदाने. वन संशोधन संस्था आपल्या नव्या भव्य वास्तूत जाण्यापूर्वी येथे होती. म्हणून झाडांचे एवढे वैभव. शाळेची वार्षिक फी आज दहा लाख रुपयांच्या वर आहे. केंद्र सरकारच्या सेवेतील कारकुनाचा वर्षाचा पगार एकीकडे ठेवला आणि ही रक्कम दुसरीकडे ठेवली, तर पारडे कोणीकडे झुकते हे सांगण्यासाठी पदवी लागत नाही. गुणवान मुलांसाठी तेथे शिष्यवृत्त्या आहेत हे खरे. कार्यालयातील स्नेही अधूनमधून आम्हांला तसे सुचवितातही, कारण आमचा मुलगा आता दहा वर्षांचा आहे आणि तेथे प्रवेश सातवीत वा आठवीत मिळतो. तेव्हा हा प्रश्न आमच्यापुरता तरी केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

शाळेच्या संस्थापकांच्या मनात काय होते ते आधी पाहिले पाहिजे. कलकत्त्याचे कायदेपंडित सतीश रंजन दास यांची ही कल्पना. विलायतेतील पब्लिक स्कूलसारखी, परंतु भारतीय मुलांसाठी आणि सर्व जातिधर्मांना मोकळी अशी शाळा त्यांना हवी होती. १९२८ साली ते वारले. शाळा उघडली ती त्यानंतर सात वर्षांनी. पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट हे ईटनला विज्ञान शिकवीत असत. या मुलांनी अभिजन व्हावे, पण ते सेवेच्या बळावर, धनाच्या वा अधिकाराच्या बळावर नव्हे, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार पुढे शाळेचे बोधवाक्यच होऊन बसले. 'जन गण मन' हे त्या शाळेत आरंभापासून शाळागीत म्हणून गाइले जात होते, आणि देशाने ते राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले १९५० साली, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

याच्या आधीची परिस्थिती काय होती? राजकोटचे राजकुमार कॉलेज १८७० साली सुरू झाले, अजमेरचे मेयो कॉलेज १८७५ साली. तेथे संस्थानिकांचे पुत्र येत ते आपापले नोकरचाकर आणि घोडे बरोबर घेऊन. अजमेरला तर निरनिराळ्या संस्थानांनी आपापली वसतिगृहे बांधिली होती. राजपुत्र शिकत, पण राजपुत्रच राहत. त्या पार्श्वभूमीवर चांदबागेतील एक पंगत ही लहान गोष्ट नव्हती. ज्या १९३५ साली ती पंगत बसली, त्याच साली ऑक्टोबर महिन्यात येवल्याला डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार सत्याग्रहाला पाच वर्षे उलटूनही बंदच होते. ज्या देशात माणसाला पाण्याचा घोट जात विचारून मिळत होता, तेथे बारा वर्षांची मुले जात न विचारता शेजारी बसून जेवतात, यास सुधारणा म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? श्रीमंतांची शाळा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता आतला दिनक्रम. पहाटेचा व्यायाम, वर्ग, दुपारचे खेळ, चित्रकला, संगीत, हातकाम, आणि सायंकाळचा सामुदायिक अभ्यास. या अभ्यासाला तेथे 'टॉय' म्हणतात. शब्द थेट विंचेस्टर येथील चौदाव्या शतकातल्या शाळेतून आलेला. सत्राच्या मध्ये मुले टोळ्या करून हिमालयात पायपीट करावयास जातात, हिशेब स्वतः ठेवितात, स्वयंपाक स्वतः करितात. जॅक गिब्सन, जॉन मार्टिन, होल्ड्सवर्थ हे तेथले शिक्षक स्वतः गिर्यारोहक होते. त्यांच्या तालमीत तयार झालेले नंदू जयाल पुढे दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचे पहिले प्राचार्य झाले. बर्फात दोराला बांधलेल्या दोघांमध्ये कोणाचा बाप श्रीमंत हे डोंगर विचारीत नाही. हे शिक्षण वर्गातील कोणत्याही पाठापेक्षा मोठे, असे आम्हांला वाटते, आणि त्याबद्दल मनात थोडासा हेवाही आहे. आमच्या शाळेत सहल म्हणजे एका दिवसात तीन देवळे आणि एक धरण.

तथापि पैशाची उतरंड मोडली म्हणजे उतरंड नाहीशी होते असे नाही. विलायतेत रग्बीच्या शाळेत टॉमस आर्नल्ड यांनी १८२८ ते १८४२ या काळात मोठ्या मुलांच्या हाती लहान मुलांची शिस्त सोपविण्याची पद्धत नावारूपास आणिली, आणि ती अशा सर्व शाळांत पसरली. जबाबदारी शिकविणारी म्हणून ती वाखाणली गेली. पण तेरा वर्षांच्या मुलाला सतरा वर्षांच्या मुलाच्या स्वाधीन केले, म्हणजे जबाबदारी एकजण शिकतो आणि भय दुसरा. विक्रम सेठ यांनी १९९२ साली याच शाळेच्या संस्थापकदिनी पाहुणे म्हणून भाषण करिताना आपण येथे किती एकाकी होतो, आपल्याला कसे चिडविले आणि छळले जाई, हे मोकळेपणाने सांगितले. शाळेने त्यांना बोलाविले आणि त्यांनी ते तेथेच उभे राहून सांगितले, ही दोघांच्याही मोठेपणाची गोष्ट. परंतु सारखा हातखर्च मिळणाऱ्या त्या मुलांत बळाची, खेळातील नैपुण्याची, लोकप्रियतेची विषमता होतीच.

सद्गुण हे अभ्यासाने, म्हणजे वारंवार आचरणाने येतात, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे, आणि आमच्या संतांचाही अनुभव याहून फार निराळा नसावा. मग सहा वर्षे रोज एका पंगतीत बसणारा मुलगा समतेचा अभ्यासच करीत नाही काय? करितो. पण अभ्यास आणि परीक्षा यांच्या जागा वेगळ्या असतात. आपल्याकडील दोन जुन्या कथा येथे आठवतात. सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण आणि सुदामा यांनी बरोबर लाकडे गोळा केली, एका पावसात भिजले. भारद्वाजांच्या आश्रमात द्रोण आणि द्रुपद बरोबर शिकले, बरोबर खेळले. वसतिशाळा म्हणून दोहोंत काय फरक? परंतु पुढे सुदामा पोह्यांची पुरचुंडी घेऊन द्वारकेला गेला तेव्हा कृष्ण सिंहासनावरून उठून धावत आला. आणि ज्याच्या मुलाला दुधाच्या जागी पिठाचे पाणी पाजावे लागत होते तो द्रोण पांचालांच्या राजसभेत गेला, तेव्हा मैत्री बरोबरीच्यांतच होते असे सुनावून द्रुपदाने त्याला परत पाठविले. आश्रमात असताना दोघा राजपुत्रांचे वर्तन सारखेच निर्मळ असेल. गुरूला त्यांच्यातला फरक कळला नसता.

द्रोणाची कथा येथे संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग आम्हांला अधिक बोचतो. दारातून हाकलला गेलेला हा मनुष्य स्वतः गुरू झाला, तेव्हा त्याने राजपुत्रांचीच शाळा चालविली आणि एकलव्याला दारातून परत पाठविले. अपमान सोसलेला माणूस अपमान करणार नाही अशी आपली एक भाबडी समजूत असते.

उलट दिशेचे उदाहरणही आहे, आणि ते आपल्या घरचे आहे. कोल्हापूरचे शाहू महाराज १८८५ ते १८८९ या काळात राजकोटच्या राजकुमार कॉलेजात होते. ती राजपुत्रांपुरती मर्यादित शाळा. पण हाच विद्यार्थी गादीवर आल्यावर १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे काढीत गेला: मराठ्यांसाठी, जैनांसाठी, लिंगायतांसाठी, मुसलमानांसाठी, अस्पृश्य मानलेल्यांसाठी. राजकोटच्या शिक्षणामुळे हे झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्याच शाळेतून बाहेर पडलेल्या पुष्कळ राजांच्या हातून असे काही झाले नाही. शिवाय ही वसतिगृहे जातवार होती, पंगत अजून एक झाली नव्हती. ती एक झाली साताऱ्यात. कोल्हापुरात शिकत असताना भाऊराव पाटील अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. ते राहत होते त्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढिले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला नाव मिळाले ते शाहू महाराजांचेच. मुले दळीत, पाणी भरीत, श्रम करून शिकत. कोठीतले धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने विकून मुलांना जेवू घातले.

चांदबाग आणि सातारा या दोन्ही ठिकाणी पंगत एकच होती, ताट सारखेच होते. त्या पंगतीचे मोल कोणी दिले, हे विचारताच फरक दिसू लागतो. एका ठिकाणी आपल्या मुलाने इतरांसारखे राहावे म्हणून बाप पैसे भरितो. दुसऱ्या ठिकाणी परक्यांच्या मुलांनी सारखे राहावे म्हणून एक बाई मंगळसूत्र काढून देते. पहिल्या प्रकारच्या समतेला आम्ही खोटी म्हणत नाही. पण तिच्यात कोणी काही गमाविलेले नसते, म्हणून ती अजून कसोटीस लागलेली नसते, एवढे म्हणतो.

आणि आम्ही कारकून तरी कोणत्या तोंडाने बोलणार? सरकारी वसाहतीत घरांचे प्रकार क्रमांकाने ओळखले जातात. प्रकार दोनच्या घरातली मुले प्रकार चारच्या घरातल्या मुलांशी कसे बोलावे हे कोणी न शिकविता शिकतात, आणि प्रकार एककडे वळताना तीच मुले आवाज बदलितात. बदली होणाऱ्या आम्हां लोकांच्या मुलांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालये निघाली. तेथे सचिवाचा आणि शिपायाचा मुलगा एका बाकावर बसावा अशी व्यवस्था आहे. शिपायाचा मुलगा बसलेला आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. सचिवांचे चिरंजीव बहुधा दुसरीकडे कोठे तरी असतात.

चांदबागेच्या कुंपणातून एक गोष्ट मात्र बाहेर आली, आणि तिचे श्रेय द्यावयास हवे. राजीव गांधी पंतप्रधान असताना १९८६ च्या शैक्षणिक धोरणात जिल्ह्याजिल्ह्याला निवासी नवोदय विद्यालये काढण्याचे ठरले. पहिली दोन प्रायोगिक विद्यालये निघाली ती हरियाणातील झज्जर येथे आणि आपल्या अमरावतीस. आज त्यांची संख्या साडेसहाशेच्या वर आहे. राहणे, जेवणे, पुस्तके विनामूल्य. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागाला, एकतृतीयांश मुलींना. आणि नववीच्या काही मुलांनी एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रांतात जाऊन शिकावयाचे. वसतिशाळेची कल्पना तीच, परंतु दाराशी पैसे मोजण्याची अट गेली. त्या जागी परीक्षेची अट आली, आणि सहावीच्या ऐंशी जागांसाठी जिल्ह्यातली हजारो मुले बसतात, हा नवा आणि अवघड प्रश्न उभा राहिला. एकलव्याला आता जात कोणी विचारीत नाही, गुण विचारितात. ज्याला पाचवीपर्यंत चांगला गुरुजीच मिळाला नाही त्याने गुण कोठून आणावेत?

आमच्या कार्यालयातील एका शिपायाची मुलगी गेली तीन वर्षे अशाच विद्यालयात आहे. उन्हाळ्याच्या सुटीत ती घरी आली, जेवून उठली आणि आपले ताट स्वतः घासून पालथे घातले; शाळेत सर्व मुलेमुली तसेच करितात. मग तिने भावाच्या ताटाकडे पाहून, हा का घासत नाही, असे आजीला विचारले. आजी रागावली. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी भावाने ताट घासले की नाही ते आम्ही तिच्या वडिलांना विचारिले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "साहेब, अजून भांडण चालूच आहे."