आडनावाचा रकाना

वडील भिवंडीत यंत्रमागावर होते. ताण्याचा एक धागा तुटला आणि लक्ष गेलं नाही, तर पुढच्या सगळ्या कापडात रेघ उमटत जाते. म्हणून ते माग बंद करून आधी गाठ मारायचे.

मी वेबसाइटची पानं बांधतो. हल्ली अख्खं पान सलग कोणी लिहीत नाही. बटण, रकाना, तारखेची चौकट असे छोटे कंपोनंट एकदा करायचे आणि हवे तिथे जोडायचे. २०१३ साली फेसबुकने रिअ‍ॅक्ट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हापासून ही पद्धत फारच रुळली.

मी एका दुकानाच्या पानासाठी नावाचा कंपोनंट केला होता. नाव आणि आडनाव, दोन्ही सक्तीचे. अर्ध्या तासाचं काम. पुढे कुणीतरी तो गोदामातल्या हमालांच्या नोंदणी अर्जात जोडला. एके दिवशी गल्लीतला एक मुलगा मोबाइल घेऊन माझ्याकडेच आला. त्याच्या आधार कार्डावर एकच नाव. पडद्यावर लाल अक्षरांत माझंच वाक्य होतं : ‘कृपया योग्य आडनाव भरा.’ योग्य! मुकादमाच्या सांगण्यावरून त्याने तेच नाव दोनदा भरलं. मग ते आधारशी जुळेना आणि पगार अडकला.

दोष कुणाचा? सहकारी म्हणाला, जोडणाऱ्याने तपासायला हवं होतं. दोन-चार दिवस मलाही ते पटलं, सोयीचंच होतं. पण जोडणाऱ्याला आत डोकवावं लागू नये, म्हणूनच तर आपण कंपोनंट करतो. तो विश्वास मीच दिलेला. तो कुठे कुठे वापरला जाईल हे मला कळणं शक्य नव्हतं, हे खरं. पण दुकानाला तरी आडनाव कशाला हवं होतं? पार्सल नावावरही पोचतं. गरज नसताना सक्ती केली, ती मीच.

मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा ११ ओळींचा तुकडा त्याच्या कर्त्याने एनपीएम या सामायिक भांडारातून काढून घेतला आणि जगभरची कामं अडली. काही तासांत सगळं सावरलं. तिथे अडलेले लोक प्रोग्रामर होते.

मी सक्ती काढून टाकली. गोदामाच्या अर्जात मात्र अजून जुनीच आवृत्ती आहे. दोनदा लिहिलं त्यांना. त्या मुलाचं नाव तिथे अजून दोनदा दिसतं.