अनिश्चितता म्हणजे मिथ्यात्व नव्हे

सज्जनहो, ‘विज्ञानानेंही जग मिथ्या ठरविलें’ असें कोणी सांगतात. जरा थांबा! १९२७ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांनीं दाखविलें कीं, इलेक्ट्रॉनचें स्थान जितकें नेमकें, तितका त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, अनिश्चित. अंधारांत खांब कीं माणूस, हा संशय दिव्यानें फिटतो. हा फिटत नाहीं, बरें का! दोष यंत्राचा नव्हे, पदार्थाचा स्वभावच तसा. पण त्यालाही गणिताची मर्यादा आहे. इलेक्ट्रॉन केंद्राजवळ कोंडावा तर त्याची गति वाढते. म्हणून तो आंत कोसळत नाहीं, अणु टिकतो. जो नियम जगाला सांवरतो, तो जगाला मिथ्या कसा ठरवील? आपल्या सिद्धांताला उसनी साक्ष कशाला?