मासारू आणि मिनोरू

मुलाला नाव ठेवताना आपण त्याला काही देतो, की त्याच्याकडून काही मागतो? जपानी मुलग्यांच्या नावांचे अर्थ पाहू लागल्यापासून हा प्रश्न मनातून जात नाही.

त्यांतली कित्येक जुनी नावे अगदी निरुपद्रवी. इचिरो म्हणजे थोरला, जिरो म्हणजे दुसरा, साबुरो तिसरा. हजेरीपटावरचे अनुक्रमांकच म्हणा ना! पण माकोतो म्हणजे सचोटी. ज्याला दिवसातून पन्नासदा सचोटीच्या नावाने हाक मारायची, त्या पोराने एखादी निरागस थाप मारायची तरी केव्हा?

आणि मागणारे नेहमी आईबापच असतात असेही नाही. युद्धाच्या धामधुमीत, १९४२ पासून, मासारू हे नाव घरोघर आवडते झाले. मासारू म्हणजे जिंकणे, सरस ठरणे. ती मागणी पाळण्यावर वाकलेल्या आईची नव्हती, सरकारची होती. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली, आणि हजारो ‘विजय’ पराभूत देशात रांगू लागले. पुढच्याच वर्षी नावांत मिनोरू पुढे आला. मिनोरू म्हणजे पिकणे, कणसात दाणा भरणे. देशात अन्नाची टंचाई होती. हे नाव पोटाने ठेवले, आणि मला ते अधिक खरे वाटते.

बापाची हौस कुठवर जाऊ शकते, हे १९९३ साली तोक्योतील आकिशिमा शहरात दिसले. एका गृहस्थाने मुलाचे नाव ‘आकुमा’, म्हणजे सैतान, असे नोंदवायला दिले. नगर कार्यालयाने हरकत घेतली, तेव्हा गृहस्थ न्यायालयात गेले. हा नाव ठेवण्याच्या हक्काचा दुरुपयोग आहे, असे मत न्यायालयाने दिले. अखेरीस मुलाला दुसरे नाव मिळाले. बापाला हक्क आहे हे खरे, पण शाळेत ती हाक ऐकून मान खाली घालायची ती मुलाने!

तरी वाईट अर्थाचे प्रत्येक नाव दुष्टपणाचे नसते. तोयोतोमी हिदेयोशी हा सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश. उतारवयात, १५८९ साली, त्याला मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले सुते, म्हणजे टाकलेला. आपल्याकडच्या दगडू, धोंडू, केरू यांच्या आयांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पुढे त्याला त्सुरुमात्सु म्हणू लागले. क्रौंच आणि पाइन, दोन्ही दीर्घायुष्याची चिन्हे. १५९१ साली ते मूल गेले.

१५९३ मध्ये दुसरा मुलगा झाला, त्याला म्हटले हिरोई, म्हणजे सापडलेला, उचलून आणलेला. या नावात मागणे एकच : जग. तो जगलाही. पुढे त्याचे नाव हिदेयोरी झाले. त्यातले ‘हिदे’ हे अक्षर बापाच्या नावातले. हिदेयोशीचा वारस हाच त्याचा अपराध ठरला. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला, तेव्हा बाविसाव्या वर्षी त्याने तिथेच प्राण दिले.