पाच शतांश सेकंद

पालीतल्या चहाच्या टपरीवर ‘स्टीपलचेस’ म्हटलं, तर कुणी मोबाइलमधून मान वर काढणार नाही. पण सांगा, की आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर धावला, २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या पार केल्या, आणि सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं. मग चहा गार होतो.

क्रीडालेखकाचं कसब इथंच, आणि मोहही इथंच. वीटभट्टी, दुष्काळ लिहिला की वाचक हळहळतो. पण नुसता हळहळणारा उद्या विसरतो. शर्यत कळलेला पुढच्या शर्यतीची वाट बघतो. गरिबी जरूर सांगावी, पण तिच्याआड धावणं झाकू नये. खेळाडूला कीव नको असते, प्रेक्षक हवा असतो.