भिंतीवरचा चहा

तालुक्याच्या गावी एक निवृत्त विज्ञानशिक्षक राहत. लहानथोर सगळे त्यांना सरच म्हणत. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता, वर्तमानपत्रातलं जाहिरातींचं पान ते न बघताच उलटत. "जाहिरात बघून माल घेणारे वेगळे. मी पारखून घेतो," असं ते सांगत, आणि सर खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते.

पेठेतला किराणा दुकानदार त्यांचाच विद्यार्थी. सर कित्येक वर्षं त्याच्याकडून सुटा चहा नेत. एका दिवाळीनंतर मात्र ते एका कंपनीचा लाल पुडा मागू लागले. किंमत बरीच जास्त. शेवटी दुकानदाराने विचारलं, "सर, सुट्या चहाची काही तक्रार?"

"तक्रार नाही रे. पण ह्याला रंग छान उतरतो, वास टिकतो, आणि पावडरही कमी लागते."

दुकानदार वाद घालत बसला नाही. म्हणाला, "रविवारी सकाळी घरी चहाला या, सर. नमुना कुठला ते तपासणाऱ्याला कळता कामा नये, हे तुम्हीच शिकवलंय."

रविवारी त्याच्या बायकोने आत तीन चहा केले. लाल पुड्याचा, सुटा आणि आणखी एका कंपनीचा. पाणी, दूध, साखर, पावडर मोजून घातली, उकळी घड्याळ लावून काढली. तीन सारखे कप, प्रत्येकाच्या कानाला वेगळ्या रंगाचा दोरा. कुठला दोरा कुठल्या चहाचा हे फक्त तिला ठाऊक. नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं, नाहीतर त्याच्या चेहऱ्यावरून सरांनी ओळखलं असतं. सर एक घोट घेत, मग पाण्याने चूळ भरत आणि वहीत शेरा लिहीत. मग क्रम बदलून पुन्हा कप आले. दोन्ही खेपेला पहिला नंबर हिरव्या दोऱ्याचा, म्हणजे सुट्या चहाचा. लाल पुड्यापुढे सरांच्याच अक्षरात शेरा होता, 'रंग ठीक, वास बेताचा.'

सरांनी वही दोनदा वाचली. "मग हा पुडा मला आवडायला लागला कधी?"

"एसटी स्टँडच्या कोपऱ्यावरच्या घराची भिंत रंगवली तेव्हापासून."

दिवाळीच्या तोंडावर कंपनीने त्या घराची लांबलचक भिंत फुकट रंगवून दिली होती. लाल रंगावर पुरुषभर उंचीची पांढरी अक्षरं आणि वाफाळता कप. वाचनालयात जाता-येता सर रोज तिच्यावरूनच जात.

"अरे, पण ती भिंत मी कधी धड वाचलीसुद्धा नाही!"

"म्हणूनच, सर. वाचली असतीत तर मनातल्या मनात तिच्याशी वाद घातला असतात. न वाचता रोज तिच्यावरून गेलात, आणि दुकानात आल्यावर तो पुडा ओळखीचा वाटला. ओळखीचा म्हणून चांगला वाटला. कारणं मागाहून सुचली."

दुकानदाराने हे गल्ल्यावर बसून हेरलं होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 साली निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं आणि अनोळखी चेहरे लोकांना कमी-जास्त वेळा दाखवून हेच मांडलं. जे जास्त वेळा नजरेखालून गेलं, ते लोकांना जास्त बरं वाटलं. इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटातला प्रयोग 1997 साली प्रसिद्ध झाला. फ्रेंच संगीत लावलं की फ्रेंच वाइन जास्त खपे, जर्मन लावलं की जर्मन. गिऱ्हाइकांना विचारलं, तर संगीतामुळे बाटली उचलली असं कबूल करणारे अगदी थोडे निघाले. त्यांनाही सरांसारखं मनापासून वाटत होतं, की निवड आपलीच आहे.

सरांनी कप खाली ठेवला. "बरं, मला एक सांग. तुझ्या दुकानात हा पुडा बरोबर डोळ्यांसमोरच्या खणात, आणि सुट्या चहाचा डबा खाली, पोत्यांच्या मागे. असं का?"

दुकानदार गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "त्या खणाचे कंपनी पैसे देते, सर."

"पैसे घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तुझं घर त्यावर चालतं. पण चांगला माल लपवून ठेवू नकोस."

दुसऱ्या दिवशी सुट्या चहाचा डबा तराजूशेजारी आला. चहा मागणाऱ्या प्रत्येकाला दुकानदार आधी झाकण उघडून वास घ्यायला सांगू लागला. काही जण पुडाच घेत राहिले, काही सुट्यावर आले.

जाहिरातीचा आपल्यावर परिणाम होत नाही असं ज्यांना खात्रीने वाटतं, त्यांनी या महिन्याची किराण्याची यादी हातात घ्यावी. जिथे जिथे वस्तूऐवजी कंपनीचं नाव लिहिलेलं असेल, तिथे ते नाव आपल्या तोंडी कुठून आलं, ते आठवून पाहावं. आठवलं नाही, तर निदान ती एक वस्तू घरीच, नाव झाकून, दुसरीशेजारी ठेवून तपासावी.