न उडालेला बार

माझ्या घरी बंदूक आहे हे कळल्यावर बँकेतले सहकारी आधी हसतात. मग माझ्या पोटाकडे, चष्म्याकडे आणि शर्टाच्या खिशातल्या दोन पेनांकडे बघून पुन्हा हसतात. बंदूक ठेवणाऱ्या माणसाला मिशा तरी असाव्यात, अशी लोकांची अपेक्षा असते. मी बी.कॉम. आहे, एवढंच माझ्याकडे आहे.

तसं पाहिलं तर बंदूक माझी नव्हे, आजोबांची. आमचं वैराग बार्शी तालुक्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात; पण निजामाची हद्द जवळच. 1947-48 साली रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला आणि हद्दीलगतच्या गावांची झोप उडाली. त्याच दिवसांत आजोबांनी ही दुनळी पैदा केली. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाचं सैन्य शरण आलं. बंदूक मात्र शरण न येता आमच्या माजघरात राहिली, ती आजतागायत.

ती बारा बोअरची. एका बारात बारा माणसं आडवी होतात म्हणून बारा बोअर, असं मला लहानपणी वाटायचं. खरा हिशेब अगदीच वाण्याचा निघाला. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे करायचे. त्यातला एक गोळा जिच्यातून जेमतेम जाईल ती नळी बारा बोअरची. संहाराचं मापसुद्धा शेवटी तराजूवरच ठरतं, हे कळल्यावर मला त्या वस्तूबद्दल जरा आपुलकी वाटू लागली.

आजोबा पितळी काडतुसं घरीच भरत. पडवीत चटईवर सगळा संसार मांडायचे. उडालेल्या काडतुसाची जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, मापाने दारू घालायची, वर पुठ्ठ्याची चकती ठासायची, मग छर्रे, मग पुन्हा चकती. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही, अगदी आजीनेही नाही. कारण मध्येच कुणी हाक मारली आणि एकाच काडतुसात दोनदा दारू पडली, तर नळी फुटून भरणाराच जायचा. आम्हा हिशेबनिसांच्या धंद्यात दुहेरी नोंद म्हणजे सुरक्षितता. त्या धंद्यात दुहेरी नोंद म्हणजे थेट वैकुंठ! अमेरिकेत पुष्कळ माणसं आजही हा उद्योग घरातल्या बाकावर छंद म्हणून करतात. आपल्याकडे 1959च्या शस्त्र कायद्याने दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. तेव्हा मी आपला मुकाट्याने दुकानातून, परवान्यावर नोंद करून आणतो.

आणतो म्हणजे काय, दहा वर्षांत एक खोकं. उडवायचं कुठे? 1972 साली वन्यजीव कायदा आला, 1979 साली शेजारी नान्नजला माळढोकाचं अभयारण्य झालं, आणि बंदूक निवृत्त झाली. तेव्हापासून तिच्या नळीत गज फिरवायचा, तेलाची चिंधी ओढायची आणि खंडेनवमीला हळदकुंकू वाहायचं. त्याच दिवशी मी बँकेत स्टेपलर आणि रबरी शिक्क्याचीही पूजा करतो. खरं सांगायचं तर माणसाचं वाटोळं करण्याची ताकद शिक्क्यात जास्त असते.

या सगळ्यामुळे मी स्वतःला मोठा अहिंसक समजत होतो. बंदूक आहे, पण उभ्या आयुष्यात मुंगीवर झाडली नाही! 2019च्या डिसेंबरात या समजुतीची उलटतपासणी झाली.

त्या महिन्यात कांदा किरकोळीत शंभरी ओलांडून गेला. आमचा काढलेला कांदा शेतात पडून होता. सोन्याच्या भावाची वस्तू उघड्यावर ठेवून कोण झोपेल? वडील म्हणाले, "जा, आज तू झोप तिकडं. आणि ती घेऊन जा." मी गेलो. दोन्ही नळ्यांत काडतुसं घातली, घोंगडी पांघरली, आणि शिपाईगडी झालो.

रात्री दोनच्या सुमाराला खसफस झाली. बॅटरी मारली तर एकजण पोतं भरतोय. मी बंदूक खांद्याला लावली आणि ओरडलो, "हात वर!" हे वाक्य मी फक्त सिनेमात ऐकलेलं होतं. पण काय आश्चर्य, हात खरंच वर गेले!

वळला तो आमच्याच आळीतला पोरगा. दहावीतला. त्याच्या आईच्या पासबुकावर मीच नोंदी करतो. शिल्लक किती असते तेही मला ठाऊक आहे. पोरगं थंडीने कापत होतं की भीतीने, कळत नव्हतं.

आता जे सांगतो ते मी हिलाही फार उशिरा सांगितलं. मी त्याला ओळखल्यावरही बंदूक लगेच खाली केली नाही. पाच-सहा सेकंद तशीच धरली. बोट चापावर होतं. भीती गेली होती, राग तर नव्हताच. मला चक्क बरं वाटत होतं. वीस वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून मी साहेबांचं ऐकलं, गिऱ्हाइकांचं ऐकलं. माझ्या शब्दाने आजवर रांगसुद्धा सरळ झाली नव्हती. आणि इथे एक माणूस, लहान का होईना, माझ्यासमोर हात वर करून उभा होता.

मग माझेच पाय लटपटले. बंदूक मोडून काडतुसं खिशात टाकली. पोतं तसंच नेऊ दिलं नाही, एवढा काही मी संत नाही. चार-पाच किलो त्याच्या पंचात बांधून दिले, बाकीचे ओतून घेतले.

नुसत्या चोरीपायी जीव घ्यायची मुभा 1860च्या दंडसंहितेत नव्हती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही नाही. पण कायद्याचं कलम त्या पाच सेकंदांत आठवत नाही. आठवतं ते बोट. खात्यात दमडी नसलेल्याने उधळपट्टी केली नाही तर त्याला काटकसरी म्हणत नाहीत. माझी अहिंसा तशीच, शून्य शिलकेची होती. संधी कधी आलीच नव्हती, आणि मी तिला शील समजत बसलो होतो. सत्ता हाती आल्यावर पहिल्या पाच सेकंदांत माणूस काय करतो, तेवढंच त्याचं खरं पासबुक.

2024 साली लोकसभेला आणि विधानसभेला आचारसंहितेपायी बंदूक ठाण्यात जमा केली. दोन्ही वेळा मला गाढ झोप लागली. चोरही आले नाहीत. बहुधा त्यांनाही आचारसंहिता लागू असावी. कायमची जमा करावी असं मनात आलं, पण वडिलांचा चेहरा बघून बेत गिळला. त्यांच्या लेखी ती बंदूक नव्हे, आजोबाच आहेत.

शेवटी उपाय बँकेनेच सुचवला. आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्याला उघडता येत नाही. साहेब चोर असतो म्हणून हा नियम केलेला नाही. भला माणूससुद्धा तिजोरीपुढे एकटा असू नये, म्हणून केलेला आहे. मी काडतुसांच्या पेटीला दोन कुलपं लावली. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी आईच्या कनवटीला.

परवा तेलपाणी करताना म्हटलं, काडतुसांनाही दमट हवा लागली का बघावं. आईकडे किल्ली मागितली. तिने निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कशाला पाहिजे रे?"

परवान्याच्या अर्जात या प्रश्नापुढे मी 'आत्मसंरक्षण' असं ठोकून देतो. आईपुढे तो शब्द तोंडातून फुटेना. मी तसाच उठलो आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडायला बसलो.