कणकण

बसून किंवा पडून, जसं जमेल तसं राहा. हाताला सलाइन लावलेलं असेल तर तो हात उशीवर सैल सोडा. श्वास मुद्दाम खोल घ्यायला नको. चाललाय तसा चालू द्या.

आता लहानपणीचा एखादा ताप आठवा. अंग मोडून आलेलं. बाहेर पोरांचा खेळ रंगलाय, पण उठावंसं वाटत नाही. आवडीचा पदार्थ समोर आहे, तोंडाला चव नाही. कुणी बोलू नये, दिवा मालवावा, एवढंच वाटतं. त्या दिवशी तुम्हाला कुणी ‘मन खंबीर ठेव’ म्हणालं होतं का? गोधडी घातली, मऊ भात भरवला, कपाळावर हात ठेवला.

तो हात थोडा वेळ तिथेच राहू द्या.

त्या तापात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची द्रव्यं सोडत होत्या. रक्तातून आणि वेगस या मज्जातंतूवाटे मेंदूला निरोप जात होता: आत मोठं काम चाललंय, पडून राहा. ताप उतरला की निरोपही थांबायचा.

कॅन्सरमध्ये हा निरोप महिनोन्‌महिने येत राहू शकतो. गाठ आपल्याभोवती दाह पेटता ठेवते. ऑपरेशनची जखम, रेडिएशन, केमो त्यात भर घालतात. सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते अन्नातलं ट्रिप्टोफॅन दाहामुळे दुसऱ्याच वाटेला वळतं. थर्मामीटरवर काही दिसत नाही आणि मनाला मात्र कणकण असते.

एक श्वास. आणखी एक.

अमेरिकेतला २००१ सालचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरचे ४० रुग्ण. सगळ्यांना इंटरफेरॉन-अल्फाचे मोठे डोस द्यायचे होते, आणि इंटरफेरॉन म्हणजे शरीराच्या त्या निरोप्यांपैकीच एक. निम्म्यांना दोन आठवडे आधीपासून पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं, उरलेल्यांना नुसती औषधासारखी दिसणारी गोळी. बारा आठवड्यांत त्या दुसऱ्या गटातल्या ४५ टक्के लोकांना तीव्र नैराश्य आलं. औषध घेणाऱ्यांत ११ टक्के. त्या ४५ टक्क्यांत धीराची माणसं नव्हती असं कोण म्हणेल?

‘पॉझिटिव्ह राहा, अर्धा आजार मनाचाच असतो.’ भेटायला आलेलं माणूस मायेनंच बोलतं. पण त्या वाक्यानंतर तुम्ही रात्री स्वतःला जे बोल लावलेत, ते आठवा. एकेक करून खाली ठेवा. घाई नाही.

सगळं दाहाच्या माथी मारता येत नाही, हेही खरं. भीती आहे, पैशाची ओढाताण आहे, मुलांच्या परीक्षा आहेत. शरीर आणि संसार दोन्हीकडून मन ओढलं जातंय. म्हणून सूज उतरवायच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. केमो चालू असताना त्या घातक ठरू शकतात. त्यापेक्षा पुढच्या ओपीडीला न्यायच्या कागदावर, उलट्या आणि तोंड आल्याच्या तक्रारीखाली, त्याच अक्षरात एक ओळ लिहा: ‘तीन आठवडे कशातच मन लागत नाही.’ जवळच्या माणसाला ती मोठ्यानं वाचायला सांगा.

लिहिणं उद्या. आत्ता आपलाच तळवा कपाळावर ठेवा. गार लागतोय की कोमट, एवढंच बघा. गोधडी खांद्यापर्यंत ओढून घ्या.